शेजारचा मिक्सर आणि माझी पहिली बारा इंची

माझ्या पहिल्या बारा इंची रेकॉर्डची टेस्ट प्रेसिंग, म्हणजे छपाईआधीची चाचणी प्रत, डोंबिवलीच्या घरी लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, शेजारच्यांचा मिक्सर बिघडलाय वाटतं." तो माझ्या ॲसिड ट्रॅकचा सगळ्यात आवडता भाग होता. ॲसिड म्हणजे किंचाळत्या इलेक्ट्रॉनिक बेसवर चालणारं नाचाचं संगीत. वाईट म्हणजे तिचं निम्मं खरं होतं. त्या घरघरीत निम्मा वाटा माझ्या चुकांचा होता. स्वतःची रेकॉर्ड काढायची खाज असलेल्यांसाठी त्या चुका इथे मांडतो.

आधी यंत्राबद्दल. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस वाजवणारं सिंथेसायझर १९८१ मध्ये आलं, ते गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद पडलं. मग शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटाने ते चालू असतानाच त्याची बटणं पिळली, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही त्यांची रेकॉर्ड बाजारात आली. त्याच्या पाच वर्षं आधी इथे मुंबईत सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंगांनी ३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. म्हणून ॲसिड आपणच शोधलं, असं छाती ठोकून सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. शिकागोची पोरं आपल्या वाटेने तिथे पोचली. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची त्या यंत्रातली सोय मींडेच्या कामाची आहे, हे सिंगांच्या कानाने हेरलं होतं. ती रेकॉर्ड जगाला कळली २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर.

खऱ्या ३०३ च्या मागे लागू नका, किंमत ऐकूनच घाम फुटेल. मी त्याच्या नकलेवर, बेहरिंगरच्या टीडी-३ वर शिकलो. सोळा स्टेपचा, म्हणजे सोळा घरांचा, एकच पॅटर्न आठवडाभर वाजवत ठेवा आणि हात फक्त कटऑफ, रेझोनन्स आणि ॲक्सेंट या आवाजाची धार, किंचाळी आणि ठोसा बदलणाऱ्या बटणांवर फिरवा. कंटाळा आला की अजून दोन दिवस.

आता तबकडी. मी ट्रॅक मास्टर केले, म्हणजे त्यांचा शेवटचा आवाज बसवला, तो मोबाइलवर दणदणीत वाजावेत म्हणून. बेस डावी-उजवीकडे ऐसपैस पसरलेला. कटिंग करणाऱ्याने, म्हणजे मूळ तबकडीवर खाच कोरणाऱ्याने, फाइल परत पाठवली: खालचा बेस मोनो (दोन्ही बाजूंना सारखा) करा, नाहीतर सुई उडेल. ते केलं. पण हाव सुटली नाही. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूवर तीन ट्रॅक, एकूण सतरा मिनिटं कोंबली. खाचा जवळजवळ घ्याव्या लागल्या, त्यामुळे आवाज बारीक झाला. वर सगळ्यात किंचाळणारा ट्रॅक शेवटी ठेवलेला. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण लेबलजवळ वर्तुळ लहान. म्हणजे तेवढ्याच सेकंदाला खाच कमी मिळते आणि वरचे सूर फाटतात. आईने ऐकला तो हाच मिक्सर. कडक ट्रॅक कडेला आणि मवाळ आत, शिवाय एका बाजूला दहा-बारा मिनिटंच, हे मला नवीन प्लेटांचे, म्हणजे छपाईच्या साच्यांचे, पैसे भरून समजलं.

पैशाचंही थोडं. कटिंग आणि प्लेटांचा खर्च पन्नास प्रतींना जेवढा, तीनशेंना तेवढाच, म्हणून जास्त छापायचा मोह होतो. मी तीनशे काढल्या, परदेशातून. वाहतूक आणि कस्टम्सचा हिशेब आधी धरलाच नव्हता. आता २०२४ पासून मुंबईतही प्रेसिंग होऊ लागलंय. निदान त्यांचा भाव आधी विचारा. 'भारी यार' म्हणणाऱ्यांपैकी विकत घेणारे दहात एक. बाहेरच्या डीजेंना दिलेल्या फुकट प्रतींनी मात्र ऑर्डरी आणल्या. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या दुकानात तासभर उभं राहून लोक काय उचलतात ते बघा, पुष्कळ उमगतं.

माझ्या एक्केचाळीस प्रती अजून दिवाणाखाली आहेत, उभ्या. आडव्या रचल्या की वाकतात. जूनमध्ये ओल चढायला लागली की आईच त्यांच्यावर जुनी गोधडी टाकते. आणि वर पापडाचा डबा ठेवते, कितीही सांगितलं तरी.