परदेशी ग्रुप टूर: नावातल्या ‘बेन’पासून बसच्या वेळेपर्यंत, या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पासपोर्टांची वर्दळ सुरू होते. बडोद्यातल्या ओळखीच्या वीस-पंचवीस जणांची मोट बांधायची आणि मे महिन्यात एखाद्या कंपनीच्या टूरबरोबर परदेश गाठायचा, हे मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून करते आहे. मी टूर कंपनीची माणूस नाही आणि कमिशनही घेत नाही. पण अक्षर न् अक्षर तपासायची सवय नोकरीत लागली, म्हणून लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. आणि दरवर्षी त्याच त्या चुका घेऊन येतात.

बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच वाक्य असतं: “थई जशे (होऊन जाईल) हो, पैसे भरलेत ना, कंपनी बघेल.” कंपनी बघते, पण तुम्ही दिलेल्या कागदावरूनच बघते. तुम्ही चुकीचं नाव सांगितलंत तर चुकीच्याच नावाचं तिकीट येणार. शिवाय एकट्यानं फिरताना केलेली चूक आपली आपण निस्तरतो. ग्रुपमध्ये ती चाळीस जणांना निस्तरावी लागते, आणि त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात एकदाच जायचं म्हणून वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात.

नाव: सगळ्यात जास्त त्रास याच चुकीनं दिला आहे

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत होती. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरची मुलगी सासरी त्या नावानं नांदायला लागायची. शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचंच नाव राहतं आणि पुढे पासपोर्टही त्यावरून निघतो. त्यात आपण राहतो गुजरातेत. इथल्या कागदांवर आडनाव आधी येतं, आणि पुरुषांच्या नावाला ‘भाई’, बायकांच्या नावाला ‘बेन’ चिकटून येतं. आपण मराठी माणसं घरात कुणाला बेन-भाई म्हणत नाही, त्यामुळे आपल्याच पासपोर्टवर ते आहे हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आधारवर ‘सुनीता’, पासपोर्टवर ‘सुनीताबेन’, पॅनवर तिसरंच काही, असे कागद मी किती पाहिले असतील!

एका वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींनी टूरची नावनोंदणी फोनवरून केली आणि सगळे हाक मारतात ते सासरचं नाव सांगितलं. पासपोर्टवर माहेरचं नाव होतं. व्हिसाचा फॉर्म पासपोर्ट समोर ठेवून भरला गेला, म्हणून व्हिसा बरोबर नावानं आला. तिकिटांची यादी मात्र फोनवरच्या नोंदीवरून गेली. पडताळणीसाठी कंपनीनं पासपोर्टची प्रत दोनदा मागितली. भाऊजींनी घाईघाईत मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तो निघाला पत्त्याच्या शेवटच्या पानाचा, आणि तोही हललेला. निघायला नऊ दिवस राहिले असताना माझ्या जेवणाच्या टेबलावर तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलं तर विमान कंपनी दुरुस्त करून देऊ शकते. पहिलं नावच वेगळं असेल तर त्यांच्या लेखी तो वेगळा प्रवासी. वहिनींचं तिकीट दुरुस्त झालं नाही. ऐन हंगामाच्या दरानं नवं तिकीट काढावं लागलं, तेही दुसऱ्या विमानाचं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, पहिल्याच परदेशप्रवासात, त्या एकट्या विमान बदलत फ्रँकफर्टला पोचल्या, ग्रुपच्या चार तास मागे. तोवर आम्ही अडतीस जण विमानतळावर बसून. त्या दिवशीचं हायडेलबर्ग शहर गेलं ते गेलंच. वहिनी बसमध्ये चढल्या त्या रडतच, आणि ज्यांचं हायडेलबर्ग हुकलं होतं त्यांना चिडताही येईना.

तेव्हापासून मी असं करते. प्रत्येकाला पासपोर्ट घेऊन घरी बोलावते आणि फोटोखालच्या दोन ओळी वाचायला लावते. बाणाच्या टोकांसारख्या खुणांनी भरलेल्या त्या ओळी विमानतळावरचं यंत्र वाचतं. त्यात आधी आडनाव असतं, दोन खुणांनंतर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. ते जसंच्या तसं, बेन-भाईसकट, इंग्रजी मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं. मुलाला किंवा सुनेला लिहायला सांगायचं नाही. तीच वही कंपनीला जाते, आणि तिकीट आलं की पुन्हा त्याच वहीशी ताडून बघते. तंत्रज्ञानाच्या काळात हे जुनाट वाटेल, पण वही सुरू केल्यापासून नावाची एकही चूक विमानतळापर्यंत पोचलेली नाही.

आडनावाचा रकाना रिकामा असेल तर नोंदणीच्या आधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टांबाबत संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ पासून नियम कडक केले आहेत.

पासपोर्टची मुदत

“अजून चार महिने आहेत की!” नाही चालत. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश) तिथून निघाल्यावर पुढे किमान ३ महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. थायलंड, सिंगापूर, दुबईकडे ६ महिने मागतात. मी सगळ्यांना एकच माप लावते: परतीच्या तारखेपुढे पूर्ण सहा महिने. कमी भरत असतील तर आधी नूतनीकरण, मग टूरचे पैसे. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यावरचे व्हिसा पुढे दाखवावे लागतात.

व्हिसासाठी खात्यात एकदम पैसे टाकणं

बँकेत आयुष्य काढलं म्हणून यावर जरा कळकळीनं सांगते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून, मेहुण्याकडून उसने आणून खात्यात चार-पाच लाख टाकायचे आणि स्टेटमेंट काढायचं, हा सल्ला देणारे सगळीकडे भेटतात. स्टेटमेंट वाचणाऱ्याला पहिली तीच नोंद दिसते. नेहमीचं पेन्शन, नेहमीचा खर्च आणि हळूहळू साठलेली शिल्लक दाखवणारं साधं खातं कितीतरी चांगलं. मुलगा खर्च करणार असेल तर तसं सरळ लिहून द्या आणि त्याचे कागद जोडा. पूर्वी कुठला व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही लपवू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. ग्रुपचे अर्ज एकत्र जातात, म्हणून एकाचं आयकर विवरणपत्र सापडत नसेल तर सगळ्यांचा गठ्ठा अडतो. “सात दिवसांत व्हिसा” असले व्हिडिओ बघून एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांना मी आता ग्रुपमध्ये घेत नाही. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते, तो दिवसही हिशेबात धरा. शेंगेनसाठी ५९ महिन्यांच्या आत ठसे दिलेले असतील तर ते बहुधा पुन्हा वापरले जातात. आणि लंडन शेंगेनमध्ये येत नाही. लंडन-पॅरिस टूरला दोन वेगळे व्हिसा लागतात.

“पाच मिनिटांनी काय बिघडतं?”

ही माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागणारी चूक. आपल्याकडे ट्रॅव्हल्सची बस थांबते, चालक चहा घेतो, तासभर इकडेतिकडे झालं तरी तो रात्री उशिरापर्यंत गाडी हाकतो. युरोपात तसं करता येत नाही. तिथल्या कायद्यानं चालकानं दिवसात ९ तासच गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती. चोवीस तासांत साधारणपणे सलग ११ तास आराम. म्हणजे सकाळी त्यानं काम सुरू केल्यापासून तेरा तासांच्या आत दिवस संपवावा लागतो, आणि आपली वाट बघत तो बसून राहतो तो वेळही त्या तेरा तासांत मोजला जातो. हे सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं आणि तपासणीत सापडलं तर भारी दंड होतो. टूर मॅनेजरपुढे गयावया करून त्यातून वाट निघत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये टिटलिस या बर्फाच्या डोंगरावर गेलो होतो. वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर, बर्फ बघून मोठी माणसंही लहान झालेली. खाली उतरायची वेळ तीनदा सांगितली होती. दोन कुटुंबं “आणखी एक फोटो” म्हणत वरच राहिली आणि पन्नास मिनिटं उशिरा बसपाशी आली. संध्याकाळी ल्युसर्नला एक तास थांबायचं ठरलं होतं. तिथला कापेलब्रुके हा लाकडी पूल चौदाव्या शतकातला, आणि त्याच्या छताखाली त्रिकोणी चित्रं लावलेली आहेत. १९९३च्या आगीत त्यातली बरीचशी जळाली, पूल पुन्हा बांधला. आमच्याबरोबर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. बडोद्यापासून ते त्या चित्रांबद्दलच बोलत होते. चालकाचे तास संपत आल्यामुळे ल्युसर्नचा थांबा रद्द झाला. सरांनी पूल बघितला तो बसच्या काचेतून. ते कुणाला एक शब्द बोलले नाहीत, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी माझ्या लोकांना दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीची वेळ सांगत नाही. तसं केलं की सगळे ती दहा मिनिटं धरूनच चालतात. खरी वेळ सांगते, चालकाच्या तासांचा हिशेब समजावते, आणि प्रत्येक कुटुंबाची जोडी दुसऱ्या कुटुंबाशी लावून देते. आपली जोडी बसमध्ये नसेल तर ओरडायचं काम त्यांचं. कारण कळलं की माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

खाऊ आणि औषधं

दुबईच्या टूरला एका आजींनी तिथल्या नातवासाठी डबाभर अनारसे केले होते, वर छान खसखस लावलेली. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात येते, कारण ती अफूच्या बोंडातली. आजींना हे सांगताना मलाच वाईट वाटलं. डबा घरीच ठेवायला लावला. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. न्यूझीलंडमध्ये खाण्याची वस्तू जाहीर न करता नेली तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. ठेपले, खाकरे, चिवडा असं कोरडं, बंद पाकिटातलं न्या आणि फॉर्मवर विचारलं असेल तिथे खरं लिहा. लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत नको, १०० मिलिलिटरचा नियम तिलाही लागतो.

औषधांच्या गोळ्या सोलून सोमवार-मंगळवारच्या डबीत भरून नेऊ नका. मूळ पट्टी, औषधाच्या रासायनिक नावासह डॉक्टरांची चिठ्ठी, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. इन्शुलिन तर नक्कीच हातात, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या दुबईला परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

थोडक्यात

नवे बूट टूरला जायच्या दिवशी घालू नका, महिनाभर कमाटीबागेत रोज चालून ते पायात रुळवा.

विम्याच्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब खरा लिहा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, पण आजार लपवलेला निघाला तर ऐन वेळी विमा हात वर करतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

कार्ड वापरताना यंत्रानं रुपये की युरो विचारलं तर तिथलं चलन निवडा, रुपयांत बदलून देण्याचा दर महाग असतो.

हॉटेलच्या खोलीत उदबत्ती लावू नका. धुराचा भोंगा वाजला की सगळं हॉटेल खाली उतरतं.

पासपोर्ट कपड्यांच्या आत पाऊचमध्ये ठेवा. पॅरिसच्या मेट्रोत आणि आयफेल टॉवरखाली खिसेकापू असतात. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. प्रती वेगळ्या बॅगेत असल्या तर ते काम लवकर होतं.

मध्यरात्रीच्या विमानाची तारीख

मुंबईहून निघणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर १२ मे, ००:५० लिहिलं असेल तर विमानतळावर पोचायचं ११ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला. १२ला दिवसभर आवराआवर करून संध्याकाळी निघू म्हणणारे मी स्वतः पाहिले आहेत. मी ११च्या पहाटेची गाडी बडोद्याहून पकडते, दुपारी बोरिवलीला उतरते आणि नातेवाइकांकडे वरण-भात जेवून पाठ टेकते. दुपारच्या गाडीनं येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते: गाडी लेट झाली तर मला फोन करा, पण ग्रुप तुमच्यासाठी थांबणार नाही.