जुन्या कॉम्प्युटरवर एचडी व्हिडिओ अडकतोय? या चुका टाळा

पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक फोनमध्ये ४केत टिपली, घरच्या १०-१२ वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर टाकली, आणि ढोलाचा आवाज नीट येतोय पण पथक जागीच थिजलंय. अशा वेळी बरेच जण तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन रॅम वाढवून आणतात. पैसे वाया. व्हिडिओ बघायला ४ जीबी रॅम साधारण पुरते. एसएसडीनेही फरक पडत नाही: ४० मेगाबिटची भारी फाइलसुद्धा सेकंदाला ५ मेगाबाइटच मागते, तेवढं साधा यूएसबी २.० पेन ड्राइव्हही देतो. घोडं अडतं ते डिकोडिंगवर, म्हणजे दाबून साठवलेलं चित्र पुन्हा उलगडण्यावर.

म्हणून आधी कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, बघा. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल चालू करून कंट्रोल आणि जे दाबा. एच.२६४ असेल तर २०११ नंतरच्या इंटेल ग्राफिक्सला १०८०पी जड नाही. तरीही अडकत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या इनपुट/कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग (हे काम ग्राफिक्स चिपकडे देणं) बंद आहे का ते तपासा. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, असेल तर गोष्ट वेगळी. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्याची ८-बिट सोय सहाव्या पिढीपासून आली, १०-बिटची (जास्त रंगछटांची) सातव्या पिढीपासून. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय५ला सगळा भार प्रोसेसरवर घ्यावा लागतो. १०८०पी कसंबसं निघतं, ४केला धाप लागते. कंट्रोल-जेच्या त्याच खिडकीतल्या स्टॅटिस्टिक्समध्ये ‘लॉस्ट’ (गळलेल्या) फ्रेम्सचा आकडा सारखा वाढत असेल तर निदान पक्कं.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच असेल तर स्वस्त म्हणून जीटी ७१० उचलू नका, ते एचईव्हीसी डिकोड करत नाही. जीटी १०३० करतं. मात्र त्यात एन्कोडर (व्हिडिओ नव्याने दाबणारा भाग) नाही, त्यामुळे कन्व्हर्जनला, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रकारात बदलायला, त्याची मदत शून्य. आणि कोडेक पॅक (वेगवेगळ्या कोडेकचा गठ्ठा) तर टाकूच नका. व्हीएलसीत सगळं आधीच असतं. पॅकमुळे उलट दुसरे प्लेअर बिघडतात.

कन्व्हर्जनमध्ये सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो तो गरज नसताना. टीव्ही एमकेव्ही प्रकारची फाइल घेत नाही म्हणून अख्खी फाइल नव्याने एन्कोड करायची गरज नसते. आतला व्हिडिओ एच.२६४ असेल तर फक्त डबा, म्हणजे फाइलचा प्रकार, बदला: अ‍ॅव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही ‘कॉपी’वर ठेवा, आउटपुट फॉरमॅट एमपी४ मक्सर, आणि सेव्ह. काही मिनिटांत काम होतं, दर्जाही तसाच राहतो.

खरंच एन्कोड करायचं असेल तर जागा वाचवायला एच.२६५ निवडू नका. जुन्या मशीनवर रात्र जाईल, आणि तयार झालेली फाइल त्याच मशीनवर पुन्हा अडकेल. हँडब्रेक या कन्व्हर्जनच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ (एक्स२६४), १०८०पी, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) २१-२२, एन्कोडर प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’. आरएफ १२-१५ ठेवलं तर फाइल मूळपेक्षाही मोठी होऊ शकते. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ३० आणि ‘कॉन्स्टंट’ ठेवा: फोन उजेडानुसार फ्रेमरेट कमीजास्त करतो, आणि एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू सरकतो तो त्यामुळेच. आधी रेंज ‘सेकंद’ करून मधलं एक मिनिट काढून बघा. फोनवर एचडीआर (जास्त उजळ-गडद छटा टिपणारा मोड) चालू होतं आणि रंग फिके निघाले, तर ते इथेच कळेल.

हँडब्रेकच्या खालच्या पट्टीत एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम्स तयार होतायत त्याचा) आकडा दिसतो. सुरुवातीला २५ आणि अर्ध्या तासाने १४ असं दिसलं तर बऱ्याचदा प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतोय. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला की हे हमखास. कोअर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९०च्या वर अंश दिसत असतील तर कॅबिनेट उघडून पंख्यावरची आणि हीटसिंकमधली धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप असेल तर गादीवर ठेवून कन्व्हर्जन लावू नका.

पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी होताना ४ जीबीला अडली, तर ड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ आहे. आतला डेटा हलवून एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. जुन्या टीव्हीला बहुधा एनटीएफएस जास्त चालतं.

पुढच्या मिरवणुकीआधी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये १०८०पी ३० आणि एच.२६४ ठेवा, आयफोनवर तो पर्याय फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ या नावाने आहे.