मराठी वेळापत्रकावर रेंडरिंग इंजिनची बांधणी

वेबपानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारे छोटे रेंडरिंग इंजिन स्वतः बांधून शिकणाऱ्याने पहिले चाचणीपान मराठीच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. ठाणे-वाशी लोकलचे वेळापत्रक त्यासाठी उत्तम, कारण त्यात मोठा तक्ता असतो, स्थानकांची नावे पुन्हा पुन्हा येतात आणि ‘तुर्भे’सारखी जोडाक्षरेही भेटतात.

आधी एचटीएमएल वाचून डॉम वृक्ष, म्हणजे पानातील घटकांची झाडासारखी रचना, उभारावी. बंद न केलेले टॅग कसे सावरायचे हे एचटीएमएलच्या प्रमाणकात पायरीपायरीने दिले आहे. तेथे स्वतःचे नियम लावू नयेत. सीएसएसचे सिलेक्टर, म्हणजे कोणत्या घटकांना शैली लावायची हे सांगणारे नमुने, मात्र उजवीकडून डावीकडे जुळवावेत, कारण शेवटचा भागच जुळला नाही तर पूर्वज (वृक्षातील वरचे घटक) तपासण्याचे श्रम वाचतात.

खरी कसोटी मजकुराची रुंदी काढताना लागते. ‘तुर्भे’ साठवताना ‘र्’ हा ‘भ’च्या आधी असतो, पण रफार ‘भ’च्या माथ्यावर मात्रेशेजारी बसतो, त्यामुळे सुट्या वर्णांच्या रुंदींची बेरीज चुकीची ठरते. शब्द तुकडे न करता हार्फबझसारख्या, अक्षरांचे आकार व जागा ठरवणाऱ्या शेपिंग लायब्ररीकडे सोपवावा आणि मिळालेले उत्तर कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठीच्या साठ्यात, ठेवावे. ते उत्तर शोधण्याच्या किल्लीत शब्द, फाँट आणि आकार यांच्याबरोबर भाषाही हवी, कारण अनेक फाँटांत मराठी ‘ल’ हिंदीहून वेगळा असतो आणि भाषा वगळली तर ‘घणसोली’ चुकीच्या वळणाने उमटू शकते.

वेग वाढवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे केलेले काम पुन्हा न करणे. एका गाडीची वेळ बदलली, तर तक्त्यातला तो एकच रकाना ‘डर्टी’, म्हणजे नव्याने मांडायचा, ठरवावा आणि त्याच्या पूर्वजांवर ‘आत बदल आहे’ एवढीच खूण करावी. आपोआप रुंदी ठरणाऱ्या तक्त्यात एक रकाना संपूर्ण स्तंभ हलवू शकतो. म्हणून प्रत्येक रकान्याची किमान व कमाल रुंदी जपून ठेवावी, बदललेल्याचीच नव्याने काढावी, आणि स्तंभाची रुंदी तीच राहिली तर इतर स्तंभांना हात लावू नये. पानातील स्क्रिप्टने एखाद्या घटकाची उंची विचारेपर्यंत किंवा पुढची फ्रेम येईपर्यंत लेआउट, म्हणजे चौकटींच्या जागा व आकार ठरवण्याचे काम, लांबणीवर टाकावा. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यांतच रंगकामही उरकायचे असते.

अशा बचतीत सूक्ष्म चुका लपतात. प्रत्येक बदलानंतर, केवळ चाचणीच्या बिल्डमध्ये (इंजिनच्या चाचणीसाठीच्या आवृत्तीत), तोच वृक्ष मुळापासून पुन्हा मांडावा आणि दोन्ही मांडण्यांतील प्रत्येक चौकटीचे स्थान व आकार ताडून पाहावेत. फरक दिसताच चाचणी तेथेच थांबवून कोणती खूण राहून गेली ते शोधावे.