सकर रॉड पंप: डायनाकार्ड वाचून विहिरीचा वेग कसा ठरवावा

सकर रॉड पंपावरच्या (वरच्या डोलणाऱ्या यंत्राने रॉडच्या लांब साखळीतून तळाचा पंप चालवणाऱ्या) तेलविहिरीत वीज आणि रॉड सर्वांत जास्त वाया जातात ते अर्धवट भरणाऱ्या पंपामुळे. तेलाचा थर जेवढा द्रव देतो त्याहून पंपाची क्षमता जास्त असली की बॅरल (पंपाची नळी) पूर्ण भरत नाही. वर मात्र यंत्र नेहमीसारखेच डोलत असते, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. पूर्वी टायमर लावून अंदाजाने विहीर चालू-बंद करत. १९६० च्या दशकात सॅम गिब्ज यांनी वेव्ह इक्वेशन वापरून पृष्ठभागावरच्या मोजमापातून तळाच्या पंपाचे कार्ड (डायनाकार्ड, म्हणजे एका वर-खाली फेरीत, स्ट्रोकमध्ये, स्थितीनुसार बदलणाऱ्या भाराचा आलेख) काढण्याची पद्धत दिली. आज विहिरीवरचा कंट्रोलर हेच गणित दर स्ट्रोकला करतो. त्या कार्डाचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा आहे.

आधी क्षमता काढा. प्लंजरचे (बॅरलमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याचे) क्षेत्रफळ × प्लंजरचा स्ट्रोक (त्याच्या एका चालीची लांबी) × मिनिटाचे स्ट्रोक × १४४०, म्हणजे दिवसाचे घनमीटर. ३८.१ मिमी व्यासाच्या प्लंजरचे क्षेत्रफळ ०.००११४ चौमी. तळाशी स्ट्रोक १.६ मीटर आणि मिनिटाला १० स्ट्रोक धरले तर क्षमता सुमारे २६ घनमीटर येते. स्ट्रोक तळाच्या कार्डावरूनच घ्या. रॉड ताणले जात असल्याने तो पृष्ठभागावरच्या स्ट्रोकशी जुळत नाही. आता २४ तासांचे टेस्ट उत्पादन पाहा, तेल आणि पाणी दोन्ही धरून. ते १३ घनमीटर असेल तर निम्मा पंप रिकामा चालतो आहे किंवा गळतो आहे. यातले नेमके काय, हे फक्त कार्ड सांगते.

कार्डासाठी भार मोजणारा लोड सेल, यंत्राला लटकलेला कॅरिअर बार आणि पॉलिश रॉडच्या (सर्वांत वरच्या गुळगुळीत रॉडच्या) क्लॅम्पमध्ये बसतो. बसवण्यापूर्वी मोटरचा पुरवठा तोडून कुलूप लावा, ब्रेक ओढा आणि काउंटरवेट साखळीने बांधा. नुसत्या ब्रेकवर विसंबून कोणीही आत जाऊ नये. कॅरिअर बार सपाट नसेल तर सेलवर भार तिरका पडतो आणि पुढचे प्रत्येक कार्ड चुकते.

पंप पूर्ण भरत असेल आणि ट्युबिंग (द्रव वर आणणारी नळी) अँकर केलेली, म्हणजे तळाशी जखडलेली असेल तर तळाचे कार्ड जवळपास आयताकृती दिसते. अँकर नसेल तर दोन्ही बाजू कलतात. तो दोष नव्हे. फ्लुइड पाउंडमध्ये उजवा खालचा कोपरा कापलेला दिसतो: खाली येताना भार बराच वेळ वरच राहतो आणि मग एकदम कोसळतो. रिकाम्या जागेतून आलेला प्लंजर द्रवावर आदळतो तो हा क्षण. पंप अर्धा भरलेला असताना हा मार सर्वांत वाईट बसतो, कारण स्ट्रोकच्या मध्यावर प्लंजरचा वेग सर्वाधिक असतो. खालचे रॉड वाकून ट्युबिंगला घासतात, पिन तुटतात आणि धक्का गिअरबॉक्सपर्यंत जातो.

गॅस इंटरफिअरन्समध्येही (पंपात गॅस शिरल्यावर) तोच कोपरा जातो, पण भार हळूहळू, वळणदार रेषेत उतरतो, कारण गॅस दबत जातो. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. पाउंडवर उपाय वेग कमी करणे. गॅसवर नुसत्या वेगाने काम भागत नाही: पंपाचे इनटेक पर्फोरेशनच्या (विहिरीच्या नळीतल्या, थराकडून द्रव येणाऱ्या छिद्रांच्या) खाली न्या किंवा गॅस अँकर (गॅस वेगळा काढणारी जोडणी) लावा, आणि प्लंजर खाली घेऊन ट्रॅव्हलिंग (प्लंजरवरचा) आणि स्टँडिंग (बॅरलच्या तळाचा) या दोन व्हॉल्व्हमधली मोकळी जागा कमी करा. जास्त खाली घेतला तर तो तळाला टेकतो आणि कार्डाच्या खालच्या टोकाला भाराचा खिळा दिसतो.

वरची बाजू गोलावली, म्हणजे भार उशिरा चढून लवकर उतरत असेल, तर ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह किंवा प्लंजर गळतो आहे. खात्रीसाठी वर जाताना स्ट्रोकच्या शेवटच्या भागात यंत्र अलगद थांबवा. भार घसरत गेला तर गळती नक्की. खाली येताना असेच थांबवा. भार चढत गेला तर स्टँडिंग व्हॉल्व्ह गळतो आहे. गळका पंप वेग वाढवून चालवत राहू नका, तो बदलायलाच हवा.

कार्डाची उंचीही वाचा. पंप १२०० मीटरवर आणि ट्युबिंगमधल्या द्रवाची घनता ९०० किलो प्रति घनमीटर असेल तर वर जाताना प्लंजरवर द्रवाचा भार सुमारे १२३० किलो यायला हवा. कार्ड पूर्ण भरलेले, पण भार ८०० किलोच असेल, तर अॅन्युलसमध्ये (ट्युबिंगभोवतीच्या जागेत) पंपाच्या वर सुमारे ४२० मीटर द्रवाइतका दाब शिल्लक आहे. अशा विहिरीचा वेग वाढवायचा असतो. फ्लुइड लेव्हल शॉट (प्रतिध्वनीवरून द्रवाची पातळी मोजणे) घेऊन ताडून पाहा.

पाउंडच्या विहिरीत वेग १० वरून ६ वर आणला तर क्षमता जवळपास १६ घनमीटर होते. तेच १३ घनमीटर ८२ टक्के भरणीवर मिळतात आणि दिवसाचे स्ट्रोक १४,४०० वरून ८,६४० वर येतात.

वेग बदलण्याची सोय नसेल तर पंप-ऑफ कंट्रोलर (भरणी घटली की विहीर थांबवून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करणारा) वापरा. सुरुवातीला भरणीची मर्यादा ८० टक्के ठेवा, सलग तीन स्ट्रोक त्याखाली गेल्यावरच थांबवा आणि विश्रांती १५ मिनिटे द्या. पुढे २४ तासांचे उत्पादन घटत नाही तिथपर्यंतच विश्रांती वाढवा. ती लांबली तर तळाचा दाब चढतो आणि थरातून येणारा द्रव कमी होतो. वाळूच्या विहिरीत ही पद्धत टाळावी. थांबल्यावर वाळू प्लंजरवर बसून तो अडकतो.

तिथे व्हीएफडीच (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) योग्य. फक्त तीन गोष्टी पाहा. फार कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखा तिला थंड ठेवू शकत नाही. गिअरबॉक्समध्येही तेल नीट उडत नाही, म्हणून उत्पादकाने दिलेल्या किमान वेगाखाली जाऊ नका. तिसरे, स्ट्रोकच्या काही भागात भारच मोटरला फिरवतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. त्यासाठी ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. जड तेलात रॉड हळू उतरतात आणि क्लॅम्प कॅरिअर बारवरून सुटतो. तेव्हा फक्त खाली येण्याचा वेग कमी करा.

वेग बदलल्यावर क्लॅम्प मीटरने वर जातानाचा आणि खाली येतानाचा सर्वाधिक करंट मोजा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काउंटरवेट सरकवा: वर जाताना करंट जास्त असेल तर क्रँकच्या टोकाकडे, खाली येताना जास्त असेल तर शाफ्टकडे. मग पुन्हा कार्ड घ्या आणि २४ तासांची टेस्ट करा.