रेडिएटर गळतोय? हळद टाकण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना गाड्यांचे खरे हाल भेरूघाटात होतात. जाताना उतार असतो, बारीक गळती लक्षातही येत नाही. परतीला मात्र चढ, पुढे ट्रकांची रांग, एसी चालू, आणि सिमरोल यायच्या आत बॉनेटमधून वाफ. गाडीभोवती चार माणसं जमतात आणि त्यातलं एक हमखास सांगतं, "भिया, हल्दी डाल दो, बंद हो जाएगा." हळदीने बंद होतं, हे खरंच आहे. पण छिद्राबरोबर आणखी काय काय बंद होतं, ते कोणी सांगत नाही.

गळतंय कुठे, हे न बघताच उपाय करणं

गाडीखाली पाणी दिसलं की रेडिएटर फुटला, असं धरून चालू नका. एसी चालवला की त्याचं पाणी खाली ठिबकतंच. ते रंगहीन असतं, बोटाला चिकट लागत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, हिरवा, लाल किंवा निळा असतो आणि बोटांना बुळबुळीत लागतो. पुष्कळदा गळती रेडिएटरची नसतेच. रबरी होजपाइपाचा क्लॅम्प ढिला झालेला असतो आणि स्क्रूड्रायव्हरने दोन आटे आवळले की काम भागतं. होजलाच चीर गेली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक वेढे देऊन बांधा. घरगुती उपायांत मला मनापासून पटतो तो हाच, कारण तो बाहेरून होतो आणि सोडवता येतो. वॉटर पंपाच्या बाजूने गळत असेल तर मात्र ना पट्टी उपयोगाची ना हळद. तिथे टोचन करूनच आणायची.

हळद, मिरपूड, अंडं

यांमागचं तत्त्व साधं आहे. पाण्यात न विरघळणारे कण प्रवाहाबरोबर फिरतात, छिद्राशी ओढले जातात, फुगतात आणि तिथे अडकून बसतात. अँबॅसडर-पद्मिनीच्या जमान्यात हे खपून जायचं, कारण रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. गाळ साचला तर रेडिएटरवाला वरची टाकी उकलायचा, नळ्यांतून पट्टी फिरवून त्या साफ करायचा आणि डाग मारून टाकी परत बसवायचा. म्हणजे केलेला उपद्व्याप निस्तरता येत होता. आजच्या बहुतेक गाड्यांत जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा दाबून बसवलेल्या. नळ्या चपट्या आणि अरुंद. त्यात एकदा लगदा बसला की सळई घालून काढायची सोय नाही. हीटरची जाळी तर त्याहून लहान. डिसेंबरच्या सकाळी हीटर लावल्यावर गार वारा आला की मेमधली हळद आठवते.

अंड्याचा पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतो. इंजिनातलं पाणी नव्वदच्या आसपास असतं, तेव्हा तो गोठणारच. पण तो छिद्रातच गोठेल याची हमी काय? थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेतही गोठतो. शिवाय आत राहिलेलं अंडं कुजून जो वास सुटतो, तो एसीच्या जाळीतून घरच्या मंडळींपर्यंत पोचला की तुमची धडगत नाही.

रेडिएटरच्या जाळीलाच टाचणीएवढं छिद्र आहे, जवळपास गॅरेज नाही आणि टोचनगाडी मिळत नाही, अशा वेळीच चमचाभर हळद चालवून घ्यावी. तीही पाण्यात कालवून, इंजिन गार असताना. मूठभर नाही. आणि गॅरेजला पोचल्याबरोबर मेकॅनिकला न लाजता सांगायचं, म्हणजे तो सगळी सिस्टीम फ्लश करेल.

साबण आणि एम-सील

साबणाची वडी घासून गळती थांबते, हे डिझेलच्या टाकीबाबत खरं. साबण पेट्रोल-डिझेलमध्ये विरघळत नाही. रेडिएटरमध्ये असतं पाणी, तिथे फेसच होणार. एम-सील ओल्या किंवा तेलकट जागेवर धरत नाही, घट्ट व्हायला त्याला वेळ लागतो, आणि गरम पाण्याचा दाब आला की प्लॅस्टिकच्या टाकीवरून पापुद्र्यासारखं सुटून येतं.

गरम झाकण उघडणं

ही एकच चूक अशी आहे की जिच्यात गाडीपेक्षा माणसाचं नुकसान जास्त. झाकण आत सुमारे 1 बार जादा दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर. फडकं धरून उघडण्याचा पराक्रमही नको. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला गार लागला पाहिजे आणि दाबल्यावर मऊ.

थांबायला वेळ नाही म्हणून गरम इंजिनात गार पाणी ओतणं तितकंच वाईट, त्याने हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. अडचणीत बाटलीतलं नर्मदेचं पाणी ओतलं तरी बिघडत नाही, पण बोअरच्या जड पाण्यावर, किंवा आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर, महिनोन्महिने गाडी चालवू नका. आत क्षार धरतात. कायमसाठी कूलंट, आणि त्यात मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी.

काट्यावर विसंबणं

तापमानाचा काटा खाली आला म्हणजे इंजिन गार झालं, असं नेहमी नसतं. पाणी पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगायला लागतो. वाफ निघून गेल्यावर काटा खाली येताना दिसला, तर गाडी तिथेच बंद करा. काटा नुसता चढत असेल आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. मेच्या दुपारी जीव नकोसा होतो, पण हीटर इंजिनातली उष्णता ओढून घेतो. जागा मिळाली की थांबायचं.

डिपस्टिकवर (ऑईलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑईल दुधाळ दिसलं, किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेनाच, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याची शंका घ्या. तिथे रेडिएटरमध्ये काहीही टाकून उपयोग नाही. आणि उरलेला कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, अंगणात ओतूही नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. मूल किंवा गल्लीतलं कुत्रं ते आवडीने पितं.