स्किमर घेण्याआधी संपमधलं पाणी मोजा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण बुडबुड्यांच्या फेसात पकडून वरच्या कपात काढणारं यंत्र, घ्यायचं असेल तर कॅटलॉग नंतर उघडा, आधी स्केल घ्या. संपच्या, म्हणजे टाकीखालच्या पाण्याच्या पेटीच्या, ज्या खणात स्किमर उभा राहणार, तिथे पाणी किती सेंटिमीटर आहे ते मोजा. संपमधलं पाणी परत टाकीत चढवणारा रिटर्न पंप चालू असताना मोजा; बंद असताना टाकीतलं पाणी खाली उतरलेलं असतं आणि आकडा खोटा येतो. टाकी किती लिटरची, मासे किती, बजेट किती, हे सगळं दुकानदार विचारतो. खणात पाणी किती, हे तो विचारत नाही आणि आपण सांगत नाही. मग घरी आणल्यावर यंत्र एक तर दिवसभर खारं पाणी ओकतं, नाहीतर महिनाभर कप कोरडा.

संपमध्ये बसणाऱ्या स्किमरच्या आतली पातळी बाहेरच्या पातळीला बांधलेली असते. बाहेर दोन सेंटिमीटर चढले की आत जवळपास तेवढेच चढतात आणि फेस पिकायच्या आत कपात जातो. दोन उतरले की फेस नेकच्या, म्हणजे कपाकडे जाणाऱ्या नळकांड्याच्या, अर्ध्यावर येऊन खाली बसतो. बहुतेक मॉडेलं १५ ते २३ सेंटिमीटरच्या मधल्या कुठल्या तरी पट्ट्यात नीट चालतात. नेमका पट्टा माहितीपत्रकात दिलेला असतो. तुमचं पाणी २६ आणि पट्टा १८ ते २२ असेल तर काळजी नाही, खाली सहा सेंटिमीटरचा स्टँड द्या. पाणी १४ असेल तर स्टँडचा उपयोग शून्य. बॅफल, म्हणजे दोन खणांमधली काच, उंच करावी लागते. म्हणजे संप रिकामा करा, सिलिकॉन लावा, सुकू द्या, आणि तोवर टाकीला संप नाही. हे सगळं पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे.

स्केल हातात आहे तोवर खणाची लांबी-रुंदी घ्या आणि कॅबिनेटची आतली उंची घ्या. पंप बहुतेक वेळा स्किमरच्या बाहेर डोकावतो, त्याची जागा धरा. उंचीत स्टँड मिळवा, आणि त्यावर कप फिरवून उचलायला आठ-दहा सेंटिमीटर सोडा. ही जागा नसली की कप धुवायचा म्हणजे अख्खा स्किमर बाहेर, आणि मग कप धुतला जात नाही.

खण कुठला, हेही पातळीचंच प्रकरण. टाकीतून पाणी उतरतं त्याच्या लगेच नंतरचा खण घ्या आणि त्याच्या पुढे ठरावीक उंचीची बॅफल असू द्या, म्हणजे पाणी काठावरून सांडतं आणि पातळी हलत नाही. रिटर्न पंपाच्या खणात स्किमर कधीच नको. बाष्पीभवनाची सगळी घट तिथेच दिसते. २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या खणातून पाच लिटर उडाले की पातळी साडेपाच सेंटिमीटरच्या वर उतरते, आणि एप्रिलमध्ये चार फुटी टाकीतून तेवढं उडायला फार वेळ लागत नाही. उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या ऑटो टॉप-अपचा सेन्सर मात्र त्याच खणात. टॉप-अपचं पाणी बेळगावच्या नळाला येणारं राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, आरओ-डीआय फिल्टरमधून काढून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य करूनच. बोअरचं तर विचारूच नका.

जुनी टाकी आडवी टाकून एकखणी संप केला असेल तर आधी काच बसवून खण पाडा. सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचं, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं. स्टँडसाठी साइनबोर्ड करणाऱ्याकडे अ‍ॅक्रिलिकचे तुकडे कापून मिळतात, खाली पीव्हीसी पाइपचे पाय. लोखंड नको, स्टीलचे स्क्रूही नकोत, खाऱ्या पाण्यात ते गंजतात. स्टँड डुगडुगता कामा नये. स्किमर एका बाजूला कलला की फेसही एका बाजूने चढतो.

आता आकार. डब्यावर लिहिलेले लिटर हलक्या भाराचे असतात, म्हणजे मासे कमी आणि खाणं कमी. ३०० लिटरच्या टाकीत मध्यम भार असेल तर साधारण ४५० ते ६०० लिटरचा शिक्का असलेला बघा, किंवा मध्यम भाराचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा. पण हौसेने हजार लिटरचा उचलू नका. त्याची नेक रुंद असते, ती भरायला पाण्यात तेवढे सेंद्रिय पदार्थ नसतात, मग फेस दिवसातून दोनदा येतो आणि बाकी वेळ रुसतो. दुप्पट पैशात दुप्पट सफाई हाही भ्रम. पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी २० ते ३५ टक्क्यांच्या आसपासच ते काढत होते, आणि मॉडेलांमधला फरक जाहिरातीत दिसतो त्यापेक्षा बराच कमी होता. पैसे द्यायचे तर चांगल्या पंपाला, सहज निघणाऱ्या कपाला आणि सुटे भाग मिळण्याला द्या.

अमेरिकेतला पुतण्या सुट्टीला येताना घेऊन येणार असेल तर त्याला पंपावरचं लेबल वाचायला सांगा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा एसी पंप इथे चालत नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतील, हर्ट्झ ५० चेच राहतात, पंप हळू फिरतो आणि हवा कमी ओढतो. डीसी पंप असेल आणि अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर चालेल. टाकीखाली बसणारा संपच नसेल तर टाकीच्या काठावर टांगायचा प्रकार मिळतो. त्यालाही पातळी लागतेच, तिथे ती टाकीतली.

वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे थेंब सॉकेटात शिरत नाही.

आणि करंट गेल्यावर काय होतं याचा हिशोब आत्ताच करा, पावसाळ्यात रात्री दोन वाजता नको. १२० बाय ४५ च्या टाकीतून ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपकडे सांडतं त्या काठाच्या) दातांपर्यंत दोन सेंटिमीटर पाणी उतरलं तर जवळपास ११ लिटर खाली येतात. ७५ बाय ३५ च्या संपमध्ये ते चार सेंटिमीटर उभे राहतात. रिटर्नचा खण थोडं पोटात घेतो म्हणून स्किमरपाशी जरा कमी चढतं, एवढंच. वीज कंपनी हेस्कॉमची लाइन परत आली की स्किमर या चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि कपातला आठवड्याचा गाळ उसळून परत संपमध्ये जातो. उपाय दोन. स्किमरच्या सॉकेटला दहा मिनिटं उशिरा चालू होणारा टायमर लावा, तोवर रिटर्न पंप पातळी जागेवर आणतो. नाहीतर कप भरला की स्किमर बंद करणारा फ्लोट स्विच लावा. दोन्ही लावले तर उत्तम.

इन्व्हर्टरवर एकटा स्किमर घालण्याचा शहाणपणा करू नका. रिटर्न बंद, पाणी चढलेलं आणि स्किमर चालू, म्हणजे करंट नसेल तेवढा वेळ तो सांडतच राहणार. बॅकअप द्यायचा तर टाकीतलं पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरला किंवा एअर पंपाला द्या, माशांना ऑक्सिजन लागतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. साइन वेव्हचा बघा.

कपाला नळी लावून खाली कॅनमध्ये सोडायची पद्धत सोयीची, पण तिच्यात एक सापळा आहे. स्किमर बिघडून ओकायला लागला तर खारं पाणी कॅनमध्ये जातं, रिटर्नच्या खणातली पातळी घटते, ऑटो टॉप-अप तिथे गोडं पाणी भरतो, आणि सकाळी पाण्याचा खारटपणा खाली आलेला. कोरलना ते सोसत नाही. कॅनलाही फ्लोट स्विच हवा, नाहीतर कॅन लहान ठेवा आणि रोज बघा.

हवेची नळी कुठून हवा ओढते ते बघा. संपच्या कॅबिनेटात कोंडलेली हवा घेतली तर कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि पीएच खाली राहतो. आषाढ-श्रावणात दारं-खिडक्या बंद असतात तेव्हा हे जास्त. नळी खिडकीबाहेर काढली तर फरक दिसतो. तोंडाला जाळी लावा आणि पावसाचं पाणी शिरणार नाही असं खाली वळवा. टाकीच्या खोलीत डासांची कॉइल, धूप, फवारे, गणपतीआधीचं रंगकाम असेल तेव्हा नळी बाहेर नसेल तर स्किमर बंदच ठेवा. तो मिनिटाला लिटरनी हवा पाण्यात घुसळतो, धुरासकट.

बसवण्याच्या दिवशी नवा स्किमर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तासभर चालवा, मग साध्या पाण्याने धुवा. साबण नको. गोड्या पाण्यात फक्त गळती बघा, फेसाची परीक्षा घेऊ नका. तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फेस धरत नाही. टाकीतल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ ला आल्यावरच त्याला कामाला लावा. स्टँड ठेवा, स्किमर ठेवा, रिटर्न चालू करून अर्धा तास थांबा, आणि पातळी पुन्हा मोजा. स्किमर आत गेल्यावर ती आधीच्या आकड्यावर आहे का बघा आणि खणाच्या काचेवर बाहेरून मार्करने रेघ मारा. पुढे काहीही बिनसलं की पहिल्यांदा ही रेघ बघायची, स्किमरमधली पातळी ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला हात नंतर.

पहिले काही दिवस तो वेडावाकडा वागेल. कधी दोन आठवडेही लागतात. सुरुवातीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, फेस नेकच्या तळाशी राहू दे. मग दिवसाला थोडासाच फिरवा. दर तासाला फिरवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण फेस स्थिर व्हायला वेळ लागतो. कपात कोऱ्या चहाच्या रंगाचं, वास मारणारं पाणी जमलं की जमलं. काळा चिखल आला तर थोडं ओलं करा, म्हणजे फेस जरा वर चढू द्या; फिकट आलं तर कोरडं, म्हणजे फेस जरा खाली ठेवा.

स्थिरावल्यावर अचानक सांडला तर आधी रेघ बघा. रेघेवर असेल तर काय घातलं ते आठवा: कोरल चिकटवायचं एपॉक्सी, क्लोरीन घालवायचं औषध, माशांचं औषध. अशा वेळी दिवसभर स्किमर बंद, किंवा कप काढून नुसती हवा. फेस एकदम बसला तर तेलकट खाणं किंवा हाताला लागलेलं तेल. काही तासांत परत येतो.

नेक दोन-तीन दिवसांनी पुसा, चिकट थर बसला की फेस चढत नाही. हवेच्या नळीचं टोक आणि व्हेंच्युरी (पंपात हवा ओढणारं अरुंद तोंड) दर आठवड्याला कोमट गोड्या पाण्याने, मिठाने बुजतं. दर तीन महिन्यांनी पंप खोलून सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, इंपेलर (पंपातला फिरता पंखा) हलकेच. परत ठेवताना पातळी. एक सुटा इंपेलर आणि कपाची ओ-रिंग आधीच मागवून ठेवा. बेळगावात दुकानात मिळतील या भरवशावर राहू नका, कुरिअरला दिवस लागतात.