डोळा काढताना या चुका टाळा

रंगीत पेन्सिली चांगल्या, मेहनतही भरपूर, तरी चित्रातला डोळा बटणासारखा चिकटवलेला दिसतो. कारण बहुतेक वेळा एकच: बदामाचा आकार काढून त्यात गोल भरलेला असतो. खरा डोळा म्हणजे साधारण २४ मिमी व्यासाचा गोळा. पापण्या त्यावरून वळतात, त्यांना जाडी असते आणि त्यांची सावली गोळ्यावर पडते.

बुबुळ पूर्ण गोल दाखवणं. असा डोळा वटारलेला वाटतो. सरावाला डोळा १० सेंमी रुंद काढा. त्यात बुबुळ सुमारे ४ सेंमीचं येतं. एचबी पेन्सिलीने आधी हलकं, पूर्ण वर्तुळ काढा आणि मग वरचा ४-५ मिमी भाग पापणीखाली जाऊ द्या. खालची पापणी काठाला जेमतेम टेकते. झाकलेल्या पापणीचा भार कसा दाखवायचा, हे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रातल्या खाली झुकलेल्या डोळ्यांत नीट बघून घ्या.

पांढरा भाग कोरा सोडणं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तो भाग कधीच शुभ्र नसतो. दोन्ही कोपऱ्यांकडे फिकट राखाडी, त्यावर किंचित गुलाबी, आणि वरच्या पापणीखाली सावलीचा स्पष्ट पट्टा द्या. हा पट्टा पांढऱ्यावरून सलग बुबुळावरही गेला पाहिजे, तेव्हाच पापणी पुढे आल्यासारखी वाटते.

बुबुळ काळ्याने भरणं. आपल्याकडचे काळेभोर डोळेसुद्धा उजेडात तपकिरीच असतात. यलो ऑकर (मातकट पिवळा), त्यावर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), मग गडद तपकिरी असे हलके थर बाहुलीकडून काठाकडे रेघांनी द्या, काठाला इंडिगो (गडद निळा). काळा फक्त बाहुलीत. खाली ग्रॅफाइट राहिलं की रंग मळतो, म्हणून रेषा आधी पुटी रबराने (कणकेसारख्या मऊ खोडरबराने) टिपून फिकट करा.

स्थिरचित्राच्या सवयीने उजेडाच्या विरुद्ध बाजूला गडद केलं जातं. बुबुळात उलटं घडतं. डावीकडून वरून आलेला उजेड बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून वळून आत शिरतो आणि उजवीकडचा खालचा भाग उजळवतो. ऑकर तिथे उघडा ठेवा. चमकेची, म्हणजे डोळ्यात दिसणाऱ्या उजेडाच्या प्रतिबिंबाची, जागा मात्र पहिल्यापासून कोरी सोडा; नंतर पांढऱ्या पेन्सिलीने ती निघत नाही.

भर उन्हातला फोटो वापरणं. एप्रिल-मेमध्ये अंगणात काढलेल्या फोटोत डोळे मिचकावलेले, बाहुली टाचणीएवढी आणि भुवईखाली काळी सावली असते. माणसाला दाराच्या आत, सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवा. दाराचं चौकोनी प्रतिबिंब हीच तुमची चमक. याच दिवसांत तळहाताखाली कोरा कागद हवाच. घाम लागलेल्या जागी रंग धरत नाही.

काजळाची जाड रेघ. तिने खालच्या पापणीची जाडी गायब होते. गडद तपकिरीने जाडीची ती अरुंद पट्टी भरा आणि ती जिथे डोळ्याला भिडते तिथे ओलाव्याची केसाएवढी उजळ रेषा तुटक सोडा.

पापण्यांचे केस कंगव्याच्या दातांसारखे. ते पापणीच्या बाहेरच्या कडेतून उगवतात, आधी थोडे खाली येतात, मग वर वळतात. दोन-तीन टोकाला जुळलेले, मध्ये मोकळी जागा. नाकाकडचे आखूड, खालचे विरळ. पेन्सिल मुळाशी टेकवा आणि झटक्यात उचला. दर चार-पाच केसांनंतर टोक करा.